मेनूचं प्लगइन निवडताना आधी हे बघा: मेनू कोणाच्या ताब्यात जाणार?

साइटवर पानं वाढत जातात, वरचा मेनू एका ओळीत मावेनासा होतो, मग टीममधलं कोणीतरी म्हणतं की आता एक मस्त मेगामेनू, म्हणजे कॉलमांत मांडलेल्या लिंकचा मोठा उघडणारा मेनू, टाकूया. प्लगइन डिरेक्टरीत मेनू असं सर्च केलं की ढिगाने रिझल्ट येतात, सगळ्यांचे स्क्रीनशॉट चकाचक, आणि सगळ्यांनी रिस्पॉन्सिव्ह, मोबाइल फ्रेंडली, एसइओ फ्रेंडली हे लिहिलेलं असतंच, त्यामुळे ते वाचून काडीचाही फरक कळत नाही. शेवटी लोक स्टार बघतात आणि एक टाकून मोकळे होतात. स्टार वाईट नसतात, पण स्टार देणाऱ्याने प्लगइन टाकल्या टाकल्या दिलेले असतात, आणि मेनूच्या प्लगइनचं खरं रूप कळतं ते दोन वर्षांनी थीम, म्हणजे साइटचं रूप ठरवणारा साचा, बदलताना.

वर्डप्रेस, जुमला आणि ड्रुपल ही सीएमएस, म्हणजे साइट बनवायची आणि चालवायची सॉफ्टवेअर. त्यांना वरून जोडायच्या तुकड्याला वर्डप्रेसवाले प्लगइन म्हणतात, जुमलावाले एक्स्टेन्शन, ड्रुपलवाले मॉड्यूल. मी सगळ्यांना मिळून अ‍ॅड-ऑन म्हणतो.

तर आधी मेनू आतून कसा असतो ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कुठल्याही सीएमएसमध्ये मेनूचे दोन भाग असतात. एक म्हणजे डेटा, म्हणजे कुठल्या लिंक आहेत, त्यांची नावं काय, कोण कोणाच्या खाली, क्रम काय. दुसरा म्हणजे तो डेटा स्क्रीनवर दाखवायची पद्धत, म्हणजे आडवा बार, खाली उघडणारी यादी, मोबाइलवर बाजूने सरकत येणारं पॅनल वगैरे. वर्डप्रेसमध्ये ३.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१० पासून, डेटाचा भाग कोरमध्येच, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरमध्येच, आहे. तुम्ही टाकलेला मेनूचा प्रत्येक आयटम डेटाबेसमध्ये एखाद्या छोट्या पोस्टसारखाच, पोस्टच्याच टेबलमध्ये बसतो, आणि थीम फक्त सांगते की माझ्याकडे मेनू लावायला अमुक जागा आहेत, एक वर, एक फुटरमध्ये. ड्रुपलमध्येही मेनू कोरचाच आणि तो दाखवायला ब्लॉक, म्हणजे पानावर हवा तिथे ठेवायचा तुकडा.

जुमला मात्र वेगळा आहे आणि तिथे नवीन माणूस हमखास गोंधळतो. जुमलात मेनू आयटम ही नुसती लिंक नसते, तो आयटमच ठरवतो की पानावर कुठला कंपोनंट, म्हणजे पानाचा मुख्य मजकूर देणारा भाग, चालणार, लेआउट कुठला, यूआरएल काय, आजूबाजूला कुठली मॉड्यूल्स (जुमलात म्हणजे पानावरचे छोटे ठोकळे) दिसणार. त्यामुळे मेनू जरा आटोपशीर करू म्हणून चार आयटम डिलीट केले की यूआरएल बदलतात, साइडबार गायब होतो, आणि माणूस तासभर टेम्प्लेटमध्ये चूक शोधत बसतो. म्हणून जुमलाची जुनी मंडळी एक लपवलेला मेनू ठेवतात, म्हणजे असा मेनू जो कुठल्याच मॉड्यूलमधून दाखवायचा नाही, फक्त पानांना नीट यूआरएल आणि लेआउट मिळावा म्हणून आयटम तिथे टाकायचे.

आता अ‍ॅड-ऑन काय करतात बघा. काही अ‍ॅड-ऑन कोरमधला मेनू जसाच्या तसा वापरतात आणि फक्त दाखवायची पद्धत बदलतात. वर्डप्रेसमधलं मॅक्स मेगा मेनू हे या जातीचं, तुमचा आधीचाच मेनू घेतं आणि त्याच्या सेटिंग्ज त्याच आयटमना चिकटवून ठेवतं. ड्रुपलचं सुपरफिश मॉड्यूलही तसंच, कोरचाच मेनू घेऊन त्याला उघडमिट देतं. दुसरी जात म्हणजे जे स्वतःचा बिल्डर आणतात, तुम्ही लिंक तिथेच भरायच्या, रचना तिथेच करायची, आणि हे सगळं त्यांच्या स्वतःच्या टेबलमध्ये किंवा पेज बिल्डरच्या विजेटमध्ये साठतं. दिसायला हे दुसरे जास्त भारी असतात, ड्रॅग करा, फोटो टाका, कॉलम हलवा. पण अ‍ॅड-ऑन बंद केलं की तुमच्या हातात काय उरतं? पहिल्या जातीत उरतो साधा, बिनसजावटीचा, पण पूर्ण मेनू. दुसऱ्या जातीत उरते रिकामी पट्टी, किंवा शॉर्टकोडचा, म्हणजे पानात लिहिलेल्या आज्ञेचा, कंसातला कचरा. अ‍ॅड-ऑन म्हणजे मेनूचे कपडे, ते काढल्यावर आत माणूस शाबूत पाहिजे.

ही टेस्ट करायला फार वेळ लागत नाही. साइटची स्टेजिंग कॉपी, म्हणजे चाचणीसाठीची वेगळी प्रत, घ्या, अ‍ॅड-ऑन टाका, पाचसहा आयटमचा दोन पातळ्यांचा मेनू बनवा, आणि मग अ‍ॅड-ऑन डीअ‍ॅक्टिव्हेट करा. सगळ्या लिंक दिसतायत का बघा. मेगामेनूमध्ये विजेट, फोटो किंवा फॉर्म टाकले असतील तर ते जाणारच, त्याला इलाज नाही, पण लिंकची झाडासारखी रचना गेली तर ते अ‍ॅड-ऑन माझ्या मते तिथेच बाद, बाकी कितीही चांगलं असो. थीम बदलताना, अ‍ॅड-ऑनवाल्याने काम बंद केल्यावर किंवा कंपनी विकली गेल्यावर दोनशे लिंक हाताने परत भरायची वेळ येते ती याच कारणाने.

वर्डप्रेसवाल्यांनी त्याआधी अजून एक गोष्ट तपासायची. जानेवारी २०२२ मध्ये ५.९ आवृत्ती आली आणि तिच्यासोबत नॅव्हिगेशन ब्लॉक आणि पूर्ण साइट एडिटर आला. तुमची थीम ब्लॉक थीम, म्हणजे या एडिटरमध्ये ब्लॉकच्या तुकड्यांनी रचलेली, असेल तर अपीअरन्सखाली मेनूज ऐवजी एडिटर दिसतं, आणि मेनू साठवायची जागाही जुन्या मेनूपेक्षा वेगळी असते. बरीच मेगामेनू प्लगइन्स मात्र जुन्या पद्धतीवर बेतलेली आहेत, थीमने दिलेल्या मेनूच्या जागेवर जाऊन बसतात, आणि ब्लॉक थीममध्ये बहुतेक वेळा ती जागाच नसते. काहींनी आता स्वतःचा ब्लॉक दिलाय, काहींनी नाही. मग लोक प्लगइन टाकतात, सेटिंग्ज करतात, आणि साइटवर काहीच बदलत नाही म्हणून एक स्टार देऊन येतात. तर आपली थीम क्लासिक आहे की ब्लॉक हे आधी बघा, अर्धी यादी तिथेच गळते.

खरंच हवंय का?

हा प्रश्न नावडता आहे पण विचारायला हवा. मेनूचा त्रास बऱ्याचदा प्लगइनचा नसतोच, वर चौदा आयटम असतात कारण प्रत्येक विभागाला आपलं नाव पहिल्या ओळीत हवं असतं, आणि तो वाद मिटवायला मेगामेनू आणला जातो. मग चौदाचे साठ होतात.

इथे कोणीतरी सात अधिक उणे दोन हा नियम सांगतंच. तो आकडा जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाच्या १९५६ च्या लेखातला, आणि तो माणसाला एका वेळी किती गोष्टी लक्षात ठेवता येतात याबद्दल आहे. मेनू समोर स्क्रीनवर असतो, तो पाठ करायचा नसतो. त्यामुळे आठ आयटम झाले म्हणून घाबरायचं काही कारण नाही, नावं स्पष्ट आहेत का आणि दोन नावांमध्ये वाचणाऱ्याचा गोंधळ होतो का हे बघणं जास्त कामाचं. मेगामेनूचा खरा उपयोग तेव्हा, जेव्हा एकाच पातळीवर पुष्कळ गोष्टी असतात आणि त्यांचे नीट गट पडतात, म्हणजे दुकानाची साइट, विद्यापीठ, मोठं ग्रंथालय. पंधरावीस पानांच्या साइटला कोरचा मेनू आणि बरी थीम पुरते.

उलट टोकाला जाऊन सगळंच तीन रेघांच्या बटणामागे लपवायची फॅशनही आहे. ते तीन रेघांचं चिन्ह तसं नवीन नाही, नॉर्म कॉक्स या डिझायनरने झेरॉक्स स्टार या कॉम्प्युटरसाठी ते काढलं होतं आणि तो कॉम्प्युटर १९८१ मध्ये बाजारात आला. मोबाइलवर जागाच कमी असते म्हणून ठीक आहे. पण डेस्कटॉपवर भरपूर जागा असताना मेनू लपवला तर लोक तो कमी वापरतात, निल्सन नॉर्मन ग्रूप या साइट वापरायला किती सोप्या यावर संशोधन करणाऱ्या संस्थेने २०१६ मध्ये हे मोजलं होतं आणि डेस्कटॉपवर दिसणारा मेनू लपवलेल्याच्या जवळपास दुप्पट वेळा वापरला गेला. म्हणून अ‍ॅड-ऑनमध्ये ब्रेकपॉइंट, म्हणजे किती रुंदीखाली मोबाइल मेनू सुरू करायचा तो आकडा, आपल्याला बदलता येतो का हे बघायचं. काही फुकट आवृत्त्यांत तो कुलूपबंद असतो आणि टॅब्लेटवर उगाच हॅम्बर्गर (तेच तीन रेघांचं चिन्ह) दिसत राहतो.

माउस, बोट आणि कीबोर्ड

डेमो बघताना आपण माउस फिरवतो, सगळं छान उघडतं, आणि आपण खूश होतो. पण डेमोवर थोडं वाकडं वागून बघा. वरच्या आयटमवर माउस न्या, आतली यादी उघडली की तिच्यातल्या खालच्या कोपऱ्यातल्या लिंककडे तिरकं जा. वाटेत माउस शेजारच्या आयटमवरून गेला आणि भलतीच यादी उघडली, तर ते अ‍ॅड-ऑन रोज वापरणाऱ्याला वैताग देणार. यावरचा जुना उपाय म्हणजे थोडा उशीर, म्हणजे माउस क्षणभर थांबला तरच उघडायचं किंवा बंद करायचं. अ‍ॅमेझॉनच्या मेनूत याहून हुशार प्रकार होता, माउसच्या जागेपासून उघडलेल्या यादीच्या कोपऱ्यांपर्यंत एक अदृश्य त्रिकोण धरायचा आणि माउस त्या त्रिकोणात असेपर्यंत यादी बदलायची नाही, २०१३ मध्ये बेन केमन्स या प्रोग्रॅमरने ते उलगडून लिहिलं आणि त्यासाठी जेक्वेरीचं, म्हणजे जावास्क्रिप्टच्या एका तयार कोडसंग्रहाचं, प्लगइनही दिलं. तुमच्या अ‍ॅड-ऑनमध्ये त्रिकोण असायलाच हवा असं नाही, पण उशिराची सेटिंग तरी असावी, किंवा मग सरळ क्लिकवर उघडायची सोय असावी, जी मला स्वतःला सगळ्यात बिनतक्रार वाटते.

बोटाचं प्रकरण याहून नाजूक आहे कारण टचस्क्रीनवर हॉवर, म्हणजे न दाबता नुसतं वर नेणं, असा प्रकारच नसतो. समजा वरचा आयटम "सेवा" आहे, त्याला स्वतःचं पान आहे आणि खाली पाच उपपानं आहेत. बोट लावल्यावर काय व्हायला हवं, पान उघडायला की यादी? काही अ‍ॅड-ऑन पहिल्या टॅपला यादी उघडतात आणि दुसऱ्या टॅपला पानावर नेतात, काही सरळ पानावर नेतात म्हणजे उपपानं मोबाइलवर कधी दिसतच नाहीत, आणि हे साइटच्या मालकाला महिनोन्महिने कळत नाही कारण तो ऑफिसात मोठ्या स्क्रीनवर बसलेला असतो. सगळ्यात नीट सोय म्हणजे नाव ही लिंक आणि त्याच्या शेजारी वेगळं बाणाचं बटण, नाव दाबलं तर पान, बाण दाबला तर यादी. तो बाण बोटाला सापडेल एवढा मोठा हवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या नियमांत किमान २४ बाय २४ पिक्सेल म्हटलंय, पण ते किमान आहे, त्याच्या दीडपट तरी ठेवा.

मग माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब, एंटर आणि एस्केप या तीन बटणांवर मेनू चालवून बघा. आत्ता आपण कुठल्या लिंकवर आहोत ते दिसतंय का, एंटरने यादी उघडते का, एस्केपने बंद होते का. एक नेहमीचा दोष इथे सापडतो: बंद असलेली यादी फक्त पारदर्शक केलेली असते, खरी लपवलेली नसते, त्यामुळे टॅब दाबत गेलात की फोकस, म्हणजे कीबोर्ड आत्ता जिथे आहे ती जागा, तीसचाळीस न दिसणाऱ्या लिंकमधून फिरत राहतो आणि माणसाला वाटतं कीबोर्ड अडकला. स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यासाठी बटणाने आपण उघडं आहे की मिटलेलं हे सांगायला हवं, त्यासाठी एरिया-एक्सपांडेड नावाचा अ‍ॅट्रिब्यूट असतो, ब्राउझरच्या इन्स्पेक्टमध्ये जाऊन तो बदलतो का बघता येतं. काही अ‍ॅड-ऑनवाले मात्र उत्साहाने सगळीकडे कोडमध्ये रोल-मेनू ही खूण लावून ठेवतात आणि जाहिरातीत अ‍ॅक्सेसिबल लिहितात, ते उलटं पडतं, कारण तो रोल सॉफ्टवेअरमधल्या फाइल, एडिट अशा मेनूसाठी आहे, तो लावला की स्क्रीन रीडरला वाटतं इथे बाणाच्या कीने फिरायचंय, आणि त्या की तर चालत नाहीत. साइटच्या मेनूला साधी यादी, साध्या लिंक आणि उघडमिट करणारं बटण एवढं पुरतं.

चिकटून राहणारा म्हणजे स्टिकी मेनू घेणार असाल तर टॅबने पान चाळताना फोकस त्या पट्टीखाली झाकला जातो का तेही बघा.

वजन

मेनू प्रत्येक पानावर असतो, म्हणजे मेनूच्या अ‍ॅड-ऑनची सीएसएस आणि स्क्रिप्टही प्रत्येक पानावर लोड होणार. गॅलरीचं प्लगइन जड असलं तर चार पानं हळू होतात, मेनूचं जड असलं तर अख्खी साइट. सगळ्यात जास्त फुकटचं वजन आयकॉनचं असतं, चार आयकॉनसाठी पूर्ण आयकॉन फाँट येतो, तो बंद करायची सेटिंग आहे का शोधा. दुसरं म्हणजे बरीच अ‍ॅड-ऑन डेस्कटॉपचा आणि मोबाइलचा असे दोन मेनू पानात टाकतात आणि एक लपवतात, मेनूत दोनशे लिंक असतील तर पानात चारशे होतात. पानाचा सोर्स उघडून एखादं नाव शोधलं की लगेच कळतं.

तिसरं म्हणजे उडी. पान उघडताना क्षणभर सगळी यादी उघडी दिसते आणि मग स्क्रिप्ट आल्यावर मिटते, खालचा मजकूर वर उडतो. गूगल ही उडी सीएलएस नावाने मोजतं आणि ०.१ पर्यंत चांगलं मानतं. मेनू दाबल्यावर उघडायला किती वेळ लागतो ते आयएनपी या मापात येतं, जे मार्च २०२४ पासून गूगलच्या कोअर वेब व्हायटल्स या मोजमापांत आहे, त्यात २०० मिलिसेकंदांपर्यंत ठीक. अ‍ॅड-ऑन टाकायच्या आधी आणि नंतर गूगलच्या पेजस्पीडची टेस्ट एकाच पानावर करा, एकदा नाही, दोनतीनदा, कारण आकडे दरवेळी थोडे हलतात.

मेनू फार मोठा असेल तर पीएचपीची एक मर्यादा माहीत असू द्या, मॅक्स-इनपुट-व्हार्स, म्हणजे एका फॉर्ममधून किती फील्ड स्वीकारायची ती, डिफॉल्ट १०००. पूर्वी वर्डप्रेसमध्ये मोठा मेनू सेव्ह केला की शेवटचे आयटम गुपचूप गायब व्हायचे ते यामुळेच, प्रत्येक आयटमची दहाएक फील्ड जायची आणि शंभराच्या आसपास हजार भरायचे. कोरने तो प्रश्न सोडवलाय, पण स्वतःचं भलंमोठं सेटिंग पान असलेल्या अ‍ॅड-ऑनमध्ये अजूनही तसं होऊ शकतं, सेव्ह केल्यावर शेवटचे आयटम आहेत का ते मोजा.

देवनागरी मेनू असेल तर अजून एक, अ‍ॅड-ऑनच्या तयार स्टाइलमध्ये अक्षरांमधलं अंतर म्हणजे लेटर-स्पेसिंग वाढवलेलं असतं, इंग्रजीत ते ऐटदार दिसतं, आपल्याकडे शिरोरेषा तुटते. ते शून्य करा. आणि ओळीची उंची कमी असेल तर वरच्या मात्रा आणि अनुस्वार कापले जातात.

लॉगिननुसार वेगळा मेनू दाखवणारी छोटी अ‍ॅड-ऑन असतात, वर्डप्रेसमध्ये नॅव्ह मेनू रोल्स किंवा इफ मेनू, कामाची आहेत. फक्त दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. लिंक लपवली म्हणजे पान बंद झालं असं होत नाही, ज्याच्याकडे यूआरएल आहे तो सरळ आत जातो, पानाला वेगळं कुलूप लावावंच लागतं. ड्रुपल यात शहाणा आहे, ज्या पानाची परवानगी नाही त्याची लिंक तो आपणहून दाखवत नाही. दुसरी गोष्ट कॅशची: पूर्ण पान कॅश होत असेल, म्हणजे तयार प्रत साठवून सगळ्यांना तीच दिली जात असेल, आणि नीट सेट केलं नसेल तर सभासदाचा मेनू पाहुण्याला दिसू शकतो.

डिरेक्टरीचं पान कसं वाचायचं

स्टारच्या आधी शेवटचं अपडेट कधी आलं ते बघा आणि कुठल्या आवृत्तीपर्यंत टेस्ट केलंय ते. वर्डप्रेसच्या शेवटच्या तीन मोठ्या आवृत्त्यांशी टेस्ट केलेलं नसेल तर डिरेक्टरी स्वतःच वर सूचना लावते. ड्रुपलमध्ये मॉड्यूलच्या पानावर सुरक्षा टीमच्या कव्हरेजची ढाल आहे का बघा. मेनूच्या बाबतीत हे जास्त लागू पडतं कारण जुनी मेनू अ‍ॅड-ऑन जेक्वेरीवर उभी आहेत, आणि ऑगस्ट २०२० मध्ये वर्डप्रेस ५.५ ने जेक्वेरी मायग्रेट, म्हणजे जुना जेक्वेरी कोड चालू ठेवणारा दुवा, काढलं तेव्हा जुन्या कोडवर चालणारी किती प्लगइन्स आणि थीम्स एका अपडेटमध्ये अडल्या, शेवटी त्यासाठी वेगळं मदतीचं प्लगइन काढावं लागलं. जुमला ३ चा सपोर्ट ऑगस्ट २०२३ मध्ये संपला, ड्रुपल ७ चा ५ जानेवारी २०२५ ला. अजून त्यावर असाल तर मेनूसाठी नवीन अ‍ॅड-ऑन शोधायच्या आधी अपग्रेडचा विचार करा, आणि जे घ्याल त्याची पुढच्या आवृत्तीसाठीची रिलीज खरंच आहे का ते तपासा, लवकरच येतेय या वाक्यावर जाऊ नका.

सपोर्टचे धागे चाळताना तक्रारी किती यापेक्षा उत्तरं कशी देतात ते बघा. "कॅश क्लिअर करा" एवढंच प्रत्येकाला चिकटवलं असेल तर समजून जा. पैसे देऊन घेणार असाल तर लायसन्स वर्षाचं आहे का आणि संपल्यावर काय होतं ते वाचा, बहुतेक वेळा मेनू चालू राहतो पण अपडेट थांबतात, आणि अपडेट नसलेलं प्लगइन म्हणजे उघडं दार. फुकटात वाटली जाणारी प्रो आवृत्तीची कॉपी तर नकोच, तिच्यात काय घुसवलंय ते कोणालाच माहीत नसतं.

लाइव्ह करताना जुना मेनू डिलीट करू नका, नुसता जागेवरून काढा. नवीन लावून झाला की सगळ्या कॅश साफ करा, सीडीएन, म्हणजे साइटच्या प्रती ठिकठिकाणी ठेवणारी सेवा, असेल तर तिचीही, आणि मग लॉगिन नसलेल्या विंडोत, खऱ्या फोनवर, एका हाताने धरून, तिसऱ्या पातळीवरच्या एखाद्या पानापर्यंत जाऊन बघा. जमलं नाही तर आधी पातळ्या कमी करा, अ‍ॅड-ऑन बदलायचं नंतर.